शत्रूचं एकही अक्षर

४ नोव्हेंबर

धाकट्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. तू माझ्याशी बोलत नाहीस, मी तुझ्याशी बोलत नाही, आणि कालपासून आपण दोघं एकाच जहाजाच्या पोटात, एकाच कंदिलाच्या उजेडात काम करतो आहोत. एवढ्या मोठ्या बंदरात सरकारला नेमकी हीच दोन माणसं सापडावीत! नवा दुय्यम इंजिनिअर म्हणून तू शिडी उतरून आलास, मला पाहिलंस आणि चीफ इंजिनिअरना विचारलंस, "दुभाषी म्हणून या बाई आहेत का?" या बाई! तुझं नाक पुसण्यात माझं निम्मं बालपण गेलं, आणि मी 'या बाई'.

तोंडाने बोलायचं नाही असं ठरलंच आहे, तर लिहून बोलते. टपालाने पाठवत नाही, कारण हल्ली टपाल आधी सरकार वाचतं आणि मग आपण. मी घरी नसताना रविवारी येऊन तू आईकडून धुतलेले शर्ट नेतोस, त्याच घडीत हे ठेवायला सांगितलं आहे. आई म्हणाली, "म्हातारपणी मला पोस्टमन केलंत." कुरकुरली, पण ठेवते म्हणाली.

आपलं का बिनसलं ते तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. लढाई सुरू झाली त्या आठवड्यात माझ्या शाळेच्या पटांगणात पलीकडच्या भाषेची पुस्तकं जाळली. बारा वर्षं मी तीच भाषा शिकवत होते. बाबा बंदरातले दुभाषी, त्यांच्या मांडीवर बसून आपण दोघंही ती शिकलो होतो. बाबांचा तो जाडजूड कोश, समासात त्यांच्या बारीक अक्षरातल्या टिपा असलेला, तू घरातून उचलून नेलास आणि स्वतःच्या हाताने जाळात टाकलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गर्दीतून पुढे आले आणि तुझ्या थोबाडीत मारली. तेव्हापासून तू अबोला धरला आहेस. धर. त्या थपडेचं मला अजूनही काही वाटत नाही.

आता या नोकरीबद्दल. 'जप्त शत्रुजहाज कार्यालय' हे नाव मी आधी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला ते भारदस्त वाटलं होतं. लढाई पेटली तेव्हा शत्रूची जी मालवाहू जहाजं आपल्या बंदरात होती ती पकडली. न्यायालयाने शिक्का मारला की जहाज सरकारचं. मग या कार्यालयाने त्याला नवं नाव द्यायचं, नवे खलाशी द्यायचे आणि कोळसा नि धान्य वाहायला लावायचं. कागदावर सगळं ठीक. प्रत्यक्षात कार्यालय आहे जुन्या मासळी-लिलावाच्या दालनात, आणि भिंतींना अजून तो वास आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं वास मासळीचा असेल.

पहिल्याच दिवशी काय पाहिलं सांगू? कप्तानाच्या खोलीतला पियानो चार हमाल उतरवत होते. संचालकसाहेबांच्या घरी चालला होता, 'तपासणीसाठी'. पडदे त्यांच्या मेहुण्याकडे गेले. कपबशांवरून दोन कारकुनांची जुंपली होती. आणि खलाशांच्या खोल्यांमधलं जे कुणालाच नको होतं ते सगळं धक्क्याच्या कडेला ओतलं होतं. बायकामुलांचे फोटो, अर्धवट विणलेला एक मोजा सुयांसकट, पेल्यात ठेवलेली कुणाची तरी कवळी. एका कारकुनाने ती कवळी काठीवर टांगून सगळ्यांना हसवलं. शत्रू असला तरी तो माणूस आता कुठल्यातरी छावणीत दातांशिवाय जेवत असेल. हसणाऱ्यांत संचालकही होते.

— या बाई


१२ नोव्हेंबर

धाकट्या,

आईने विचारलं, "दोघं एका ठिकाणी काम करता, बोलता की नाही?" मी म्हटलं, बोलतो की. दिवसभर बोलतो. मी म्हणते "गोडं पाणी", तू म्हणतोस "बांधली". मी म्हणते "आगीचा पंप", तू म्हणतोस "बांधली". आई म्हणाली, "बरा संसार आहे तुमचा."

तुला माहीत असलेलंच लिहिते आहे, पण मला ते लिहायला आवडतं आहे, कारण या सगळ्या उकिरड्यात तेवढंच एक काम नीट चाललं आहे. इंजिनखोलीत प्रत्येक चाकाखाली पलीकडच्या भाषेतली एकेक पितळी पाटी. चीफनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला, आधी चिठ्ठी, मग पाटी. मी पाटी वाचायची, तू नळावर हात ठेवत तो कुठून कुठे जातो ते बघायचं, दोघांचं जुळलं की त्या चाकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधायची. सगळ्या चिठ्ठ्या बांधून झाल्यावरच जुनी पाटी काढायची आणि आपल्या भाषेतली तिथेच बसवायची. चीफ आळशी आहेत, दुपारी कोळशाच्या पोत्यांवर झोपतात, पण ही एक गोष्ट त्यांना कळते की चुकीचं चाक फिरवलं तर समुद्र आत येतो. शिवाय जहाज बांधणाऱ्यांनी नळांना वेगवेगळे रंग दिले आहेत, समुद्राच्या पाण्याला हिरवा, तळाचं घाण पाणी उपसणाऱ्याला काळा, तेलाला तपकिरी. अक्षर न कळणाऱ्यालाही रंग कळतो.

मंगळवारची गोष्ट तुला आठवते का? एका पाटीवरचा शब्द मला काही केल्या आठवेना. बाबांचा कोश असता तर पान उलटलं असतं, पण तो कुठे गेला ते तू जाणतोस. तू माझ्याकडे न बघताच पुटपुटलास, "मोरीचं बूच. बाबा म्हणायचे ना, तुझ्या तोंडाला हे बसवायला पाहिजे." पाटी होती सांडपाण्याच्या नळाची. बरोबर होतं. दोन वर्षांत तू माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही त्याच भाषेच्या आधाराने. मी हसले, ते तू पाहिलं नसशील. कंदील तू दुसरीकडे धरला होतास.

तेवढंच गोड. वर आले की परत शिसारी. पुढच्या भागातली मांसाची थंड खोली जप्तीच्या दिवशी सील केली होती. यंत्र बंद पडलं, आतलं सगळं सडलं, पण सील तोडायला सही कुणाची यावर तीन खात्यांत पत्रव्यवहार चालला आणि तोवर दोन उन्हाळे सरले. काल दार उघडलं. मी काय पाहिलं ते लिहीत नाही, तू नाकाला रुमाल लावून पळाला होतास. त्याच खोलीशेजारी फुगलेल्या डब्यांचा ढीग होता. ते डबे फेकायचे की नाही, यावर साहेब म्हणाले, "छावणीत पाठवा. त्यांचंच आहे, त्यांनाच खाऊ दे." आणि स्वतःच्या विनोदावर खूष झाले.

आपल्या साहेबांना खरा रस एकाच गोष्टीत, नावांत. जहाजाला नवं नाव देताना दोन दिवस दाराला कडी लावून बसतात. आपल्या जहाजाचं 'निर्धार' ठरलं आहे. बाहेरच्या धक्क्याला उभ्या असलेल्या त्याच्या जुळ्या भावाचं 'निश्चय'. एकाच गोदीत, एकाच नकाशावरून बांधलेली दोन्ही जहाजं, अगदी खिळ्याला खिळा. न्यायालयाचा हुकूम अजून आला नसल्यामुळे ते दुसरं सीलबंद आहे. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आपल्या आगवाल्याचा थोरला भाऊ तिथे पहारेकरी आहे. आगवाला भट्टीच्या झोतात उभा राहून त्याचीच थट्टा करत असतो, "दादाला सरकारने रिकाम्या जहाजाशी लग्न लावून दिलंय."

साहेबांनी मला एक भलतंच काम लावलं आहे. पाट्यांच्या सगळ्या शब्दांची यादी, वर्णानुक्रमे, शोभिवंत छापून हवी. मंत्री येणार आहेत, त्यांच्या हातात द्यायला. अ आ इ ई! मंत्र्यांना आगीच्या पंपाची वर्णानुक्रमे काय गरज? पण लिहून दिली.

— ताई (हवं तर बाई)


१९ नोव्हेंबर

हे पत्र आई रविवारपर्यंत थांबवणार नाही. आज स्वतः धक्क्यावर येऊन तुझ्या हातात देईल. कृपा करून वाच.

काल सकाळचा फोटो. तेव्हा मला वाटलं नुसता मूर्खपणा आहे. सगळ्यांनी हातातलं काम टाकून धक्क्यावर यायचं, रांगेत उभं राहायचं, साहेब मध्ये खुर्चीत. फोटोवाल्याने तुला आणि मला खांद्याला खांदा लावून उभं केलं. "जरा जवळ या, बहीणभाऊ दिसताय," म्हणाला मेला. तू ताठ. मी ताठ. दुपारपर्यंत आपल्याला उन्हात ठेवलं, मग भाषण, मग पुन्हा फोटो. मला वाटलं साहेबांना आरशाची हौस आहे.

तेवढ्या वेळात खाली काय चाललं होतं ते तू पाहिलंस. मेहुण्याची माणसं. नव्या पाट्यांचं कंत्राट मेहुण्यालाच, हे मला आधी कळायला हवं होतं. मंत्र्यांची तारीख अलीकडे आली, शनिवार, आणि साहेबांचा लेखी हुकूम निघाला, 'शत्रूच्या भाषेचे एकही अक्षर जहाजावर दिसता कामा नये.' आपण अजून निम्म्यावरही नव्हतो. त्या लोकांनी सगळ्या पाट्या उचकटल्या, एका पोत्यात भरल्या. आपल्या चिठ्ठ्या कचरा समजून चिंध्यांबरोबर भट्टीत घातल्या. आणि नळ? सगळे पांढरे. हिरवा, काळा, तपकिरी, काहीही शिल्लक नाही. साहेब म्हणाले, "दवाखान्यासारखं स्वच्छ दिसतंय."

मग मी नव्या पाट्यांची ओळ वाचत गेले. आगीचा पंप. खण उजवा. खण डावा. गोडं पाणी. तळाचा उपसा. तेल. समुद्र. सांडपाणी. शाळेतल्या हजेरीपटासारखी! त्या माणसांना कुणी सांगितलंच नाही, म्हणून माझी छापील यादी समोर धरून, पहिल्या चाकाला पहिला शब्द, दुसऱ्याला दुसरा, अशा त्यांनी ओळीने पाट्या ठोकल्या. इंजिनखोलीचं वर्णानुक्रमे व्याकरण! जगात कुठल्याही जहाजावर हे झालं नसेल. तू म्हणालास, "ताई, हे..." आणि थांबलास. पहिल्यांदा ताई म्हणालास, आणि म्हणालास कशासाठी बघ.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. ते नाकाने कांदे सोलत म्हणाले, "पाट्या सुवाच्य आहेत ना?" मी म्हटलं, सुवाच्य आहेत, पण खोट्या आहेत. "मंत्री काय चाकं फिरवणार आहेत? रविवारी बघू." मी म्हटलं, साधा उपाय आहे. जुळ्या जहाजावरच्या पाट्या आणि रंग अजून जसेच्या तसे आहेत. मला आणि दुय्यम इंजिनिअरला तिथे अर्धा दिवस जाऊ द्या, चाकाला चाक जुळवून येतो. ते म्हणाले, सीलबंद जहाजावर पाय ठेवणं गुन्हा आहे. आणि मग डोळे बारीक करून म्हणाले, "तुम्हाला त्या भाषेच्या पाट्यांचा फारच कळवळा दिसतो." खोलीतले दोघं कारकून लगेच कागदांत डोकं घालून बसले.

धाकट्या, भांडण बाजूला ठेव. रविवारपर्यंत त्या ओळीतल्या एकाही चाकाला हात लावू नकोस. चीफनी सांगितलं तरी नाही, साहेबांनी सांगितलं तरी नाही. नळ जमिनीखालून जातात, वरून कळणार नाहीत. आठवणीवर तर मुळीच जाऊ नकोस. पाठांतर तुझं लहानपणापासून कच्चं.

— ताई


२३ नोव्हेंबर

तू बरा आहेस ना? आई तीनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आली. तिला आत सोडलं नाही.

काल मी वर होते, मंत्र्यांच्या मागे, हातात ती छापील यादी घेऊन. जहाज थोडं डाव्या अंगाला कललेलं होतं. साहेबांना ते आवडलं नाही, मंत्र्यांच्या फोटोत जहाज वाकडं दिसेल. खाली वाकून त्यांनी शिडीच्या तोंडातून ओरडून सांगितलं, "तळाचं पाणी उपसा, सरळ करा आधी!" चीफ काहीतरी बोलले, ते ऐकू आलं नाही. साहेब पुन्हा ओरडले. नंतरचं आगवाल्याच्या भावाने खालच्या माणसांकडून ऐकून सांगितलं, की चीफनी आगवाल्याला तळाच्या खड्ड्यात उतरवलं, तिथली जाळी गाळाने बुजली होती ती मोकळी करायला, आणि तुला चाक फिरवायला सांगितलं. पाटीवर विश्वास नव्हता म्हणून तू आठवणीने मोजलंस आणि फिरवलंस.

समुद्र आत आला. तू आगवाल्याला मानेला धरून बाहेर ओढलंस, तेही त्याच्या भावानेच सांगितलं, आणि सांगताना तो तुला शिव्या देत नव्हता. जहाज सरळ व्हायच्या ऐवजी आणखी कललं. मंत्र्यांना दोघांनी काखेत धरून खाली उतरवलं. 'निर्धार' नावावरचा पडदा ओढायचा राहिलाच. जमलेले लोक हसले, आणि एका क्षणासाठी मीही हसणार होते. मग शिडीवरून तो आगवाला वर आणला. तोंडातून काळं तेलकट पाणी.

साहेबांनी पहिली गोष्ट काय केली असेल? हमालांना सांगून त्याला मंत्र्यांच्या नजरेआड, पोत्यांमागे ठेवलं.

तुझ्यावर रागवायला मी हा कागद घेतला होता. सांगितलं होतं ना तुला, हात लावू नकोस! पण तिथे उभं राहून वरून ओरडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं किती जणांना जमलं असतं, मला माहीत नाही. खरं सांग, घडलं तसं सांग. हुकूम कुणी दिला, पाट्या कुणी ठोकल्या, चिठ्ठ्या कुणी जाळल्या. तू आणि मी दोघांनी एकच सांगितलं तर त्यांना काखा वर करता येणार नाहीत.

— ताई


२ डिसेंबर

आगवाला बुधवारी गेला. दाखल्यावर लिहिलं आहे 'जुना दमा'. त्याच्या भावाने मला तो दाखला वाचायला दिला आणि मी वाचल्यावर विचारलं, "यात काय लिहिलंय, बाई?" त्याला वाचता येतं. त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

शुक्रवारी चौकशी झाली. मी ज्या टेबलासमोर उभी होते, त्यावर आपल्या पाट्यांचं पोतं ठेवलं होतं. साहेब म्हणाले, दुभाषी बाईंनी दिलेल्या यादीप्रमाणेच पाट्या बसवल्या, भाषांतरात हेतुपुरस्सर घोटाळा असावा, कारण त्यांचं त्या भाषेवरचं प्रेम जगजाहीर आहे, भर पटांगणात त्या भाषेसाठी त्यांनी सख्ख्या भावावर हात उचलला होता. मला वाटलं, बोलू दे. माझा भाऊ यायचा आहे.

तू आलास. नवा कोट. माझ्याकडे पाहिलं नाहीस, त्याची मला सवय आहे. त्यांनी विचारलं, चिठ्ठ्या कधी बांधल्या होत्या का? तू म्हणालास, आठवत नाही. त्यांनी विचारलं, बाईंनी आधी सावध केलं होतं का? तू म्हणालास, नाही. आणि मग विचारलं, तुम्हाला ती भाषा कितपत येते?

"मला त्या भाषेचं एकही अक्षर येत नाही."

सही केलीस. मी तुझा हात बघत होते, 'मोरीचं बूच' म्हणणाऱ्या माणसाचा हात.

चाक तू फिरवलं होतंस. खापर माझ्यावर फुटलं नसतं तर ते तुझ्यावर फुटलं असतं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. चीफना घरी पाठवलं, तुला चीफ केलं, हेही कळलं. आई पोरासाठी बाजू शोधत बसली होती, "त्याला घाबरवलं असेल गं, त्याच्या पोरांचं काय झालं असतं." मी म्हटलं, असेल. घाबरलेल्या माणसाची मला कीव येते. पण तू बाहेर पडताना साहेबांनी तुझ्या पाठीवर थाप मारली आणि तू हसलास. ते हसू मी पाहिलं. त्या दिवशी जाळासमोर टाळ्या घेताना अगदी असाच हसला होतास. मला तुझी किळस आली रे. मांसाच्या त्या खोलीची आली नव्हती इतकी.

मला नोकरीवरून काढलं. तुरुंगात घालण्याइतका पुरावा नाही म्हणे, म्हणून दर सोमवारी पोलीस चौकीत हजेरी. रविवारी तू शर्ट न्यायला आलास तेव्हा आईने दार उघडलं नाही. आत बसून तुझे शर्ट इस्त्री करत होती आणि दार उघडत नव्हती. तू जिना उतरून गेल्यावर मात्र खिडकीत गेली.

यापुढे मी लिहिणार नाही.


६ डिसेंबर

लिहावं लागतं आहे. माया आली म्हणून नव्हे, हे आधीच सांगते.

पहारेकऱ्याकडून कळलं, 'निर्धार' पुढच्या आठवड्यात निघतं. धान्य घेऊन, लढाईच्या पाण्यातून, वर चाळीस माणसं. आणि पाट्यांचं काय केलं? साहेबांनी त्यातल्या फक्त दोन पाट्यांची अदलाबदल केली, 'तळाचा उपसा' आणि 'समुद्र'. अहवालात लिहिलं, दोष दूर केला. बाकीची ओळ हजेरीपटाप्रमाणे जागच्या जागी. मी हे ऐकलं तेव्हा माझ्या तोंडून निघालेला शब्द शाळेतल्या बाईला शोभणारा नव्हता.

सोमवारी जुळ्या जहाजाच्याही पाट्या उचकटणार आणि नळ पांढरे करणार. म्हणून आज सकाळी, चौकीतली हजेरी दोन दिवसांवर असताना, मी बाहेरच्या धक्क्यावर गेले. पहारेकरी शिडीशी बसला होता. मी म्हटलं, मला आत जायचं आहे. त्याने विचारलं,

"तुमच्या भावासाठी?"

"त्याच्या एकट्यासाठी नाही."

"त्याने तुम्हाला बुडवलं."

"हो."

"माझ्या भावाला ओढून काढलं पण त्यानेच," तो म्हणाला. मग उठला, कंदील पेटवला आणि सीलची तार स्वतःच्या हाताने सोडली. खाली सगळं होतं, धाकट्या. पाट्या, रंग, सगळं. हिरवा, काळा, तपकिरी. आगवाल्याचा भाऊ नळावर हात ठेवून सरपटत शेवटपर्यंत गेला आणि तिथून ओरडून सांगत राहिला, आणि मी पाट्या वाचत राहिले. दोनदा पडताळलं. तो "बांधली" म्हणत नव्हता, एवढाच फरक.

आता नीट वाच. इंजिनाकडे तोंड करून उभा राहा आणि डाव्या हाताकडून मोजायला लाग. पहिलं चाक खण डावा, दुसरं खण उजवा, तिसरं गोडं पाणी. चौथं थेट समुद्राचं. तळाचा उपसा पाचवं. त्या दिवशी तू चौथं फिरवलंस ना? एकानेच चुकलास. सहावं सांडपाण्याचं, ते मोरीचं बूच. सातवं आगीचा पंप, आणि त्यावर तुझ्या जहाजावर आज पाटी आहे 'तळाचा उपसा'. आठवं तेलाचं, आणि त्यावर पाटी आहे पाण्याची. जहाजाला आग लागली आणि पाट्यांवर भरवसा ठेवलास तर काय ओतशील ते तुझं तूच बघ.

पाट्या बदलायला जाऊ नकोस, साहेबांना कळेल आणि पुन्हा चौकशी बसेल. खडूच्या खुणाही नकोत, पुसतात. चाकाच्या मागच्या बाजूने दांडीवर कानशीने खाचा मार. समुद्राला एक, उपशाला दोन, आगीला तीन. वर कितीही रंग फासला तरी खाच बोटाला लागते, अंधारातही. तुझ्या हाताखालच्या प्रत्येकाला त्या खाचा हाताने ओळखायला शिकव, आगवाल्यांना आधी.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नालायक आहे, पण माझा आहे." मी म्हटलं, माझा नाही. ती तुझे शर्ट घेऊन बसली. उद्या दार उघडेल ती. शर्टांत हे पत्र असेल. मी घरी नसेन, आणि तू परत आलास तरी मी घरी नसेन. चौकशीत तू काय म्हणालास ते मी विसरणार नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

एक शेवटचं. सीलबंद जहाजावर चढल्याबद्दल मला तुरुंग आहे, त्या पहारेकऱ्यालाही. तेव्हा खाचा मारून झाल्या की हा कागद शिल्लक ठेवू नकोस. जाळून टाक. जाळायचं कसं, ते तुला शिकवायला नको.

— ताई